जुने रिव्हॉल्व्हर, बदललेले चेंबर आणि कायदा

जुन्या यंत्रांच्या वाचनातून मी जुन्या बंदुकांकडे वळलो आणि बंदुकांकडून त्यांच्याविषयीच्या कायद्यांकडे. माझ्याकडे स्वतःचे एकही शस्त्र नाही आणि ते घेण्याची इच्छाही नाही. मला रस आहे तो कायदा एखाद्या वस्तूला 'पुरातन' केव्हा ठरवतो या प्रश्नात. सुरुवातीला मला वाटत होते की उत्तर सोपे असणार: वस्तू कोणत्या वर्षी बनली ते पाहायचे आणि निकाल द्यायचा. हातबंदुकांच्या, म्हणजे पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर यांच्या बाबतीत हे उत्तर अनेक देशांत अपुरे पडते, कारण तिथे कायदा बंदुकीच्या वयाबरोबर ती कोणते काडतूस उडवू शकते हेही विचारतो. वय बदलता येत नाही, पण चेंबर बदलता येते, आणि सगळी गुंतागुंत तिथून सुरू होते.

आधी शब्दांविषयी थोडे. 'कॅलिबर' म्हणजे नळीच्या पोकळीचा व्यास, आणि 'चेंबर' म्हणजे काडतूस ज्या खोबणीत बसते ती जागा. रिव्हॉल्व्हरमध्ये अशी पाच-सहा चेंबरे फिरत्या सिलिंडरमध्ये कोरलेली असतात. बोलताना आपण कॅलिबर बदलले असे म्हणतो, पण कायदे बहुधा व्यास मोजत बसत नाहीत, ते काडतुसाचे नाव घेतात, आणि काडतुसांची नावे फसवी असतात. '.३८-४०' नावाच्या काडतुसाची गोळी प्रत्यक्षात .४० इंचाची असते, '.४४ रशियन'ची गोळी .४३ इंचाच्या आसपास भरते. म्हणून नळीच्या तोंडाशी पट्टी लावून कोणी आपल्या आजोबांच्या रिव्हॉल्व्हरचा कायदेशीर दर्जा ठरवू पाहील, तर तो पहिल्याच पायरीवर चुकेल.

या विषयावरची सर्वांत शिकवणारी तरतूद मला कॅनडाच्या कायद्यात सापडली. तिथल्या फौजदारी संहितेच्या कलम ८४ मध्ये पुरातन बंदुकीच्या व्याख्येला दोन दरवाजे आहेत. पहिल्या दरवाजाने १८९८ पूर्वी बनलेली अशी बंदूक आत येते, जी रिमफायर (कडेवर ठोका बसून पेटणाऱ्या) किंवा सेंटरफायर (मध्यावर ठोका बसून पेटणाऱ्या) काडतुसांसाठी रचलेली नव्हती आणि नंतरही तशी पुन्हा रचली गेलेली नाही. म्हणजे ठासणीच्या बंदुका, गारगोटीच्या बंदुका, पर्कशन कॅपची, म्हणजे वेगळ्या बसवलेल्या छोट्या टोपीवर ठोका बसून दारू पेटवणारी, रिव्हॉल्व्हरे. दुसरा दरवाजा नियमावलीतला आहे, आणि १८९८ पूर्वीच्या ज्या बंदुका काडतूस वापरतात त्यांना तो लागू होतो. रिमफायर हातबंदूक असेल, तर .२२ शॉर्ट, .२२ लाँग आणि .२२ लाँग रायफल ही तीन काडतुसे वगळून बाकी चालतात. सेंटरफायर असेल, तर ती नावानिशी दिलेल्या अकरा काडतुसांपैकी एखाद्यासाठी 'रचलेली किंवा जुळवून घेतलेली' नसावी. ती अकरा काडतुसे अशी: .३२ शॉर्ट कोल्ट, .३२ लाँग कोल्ट, .३२ स्मिथ अँड वेसन, त्याचेच लाँग रूप, .३२-२० विंचेस्टर, .३८ स्मिथ अँड वेसन, .३८ शॉर्ट कोल्ट, .३८ लाँग कोल्ट, .३८-४० विंचेस्टर, .४४-४० विंचेस्टर आणि .४५ कोल्ट.

'रचलेली किंवा जुळवून घेतलेली' या शब्दांत, माझ्या मते, कॅलिबर-बदलाचा सगळा प्रश्न सामावलेला आहे. समजा, १८९० साली बनलेले एक कोल्ट सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हर कारखान्यातून .४१ कोल्टसाठी बाहेर पडले. ते काडतूस यादीत नाही, म्हणून रिव्हॉल्व्हर पुरातन. पुढे कोणा मालकाला .४१ची काडतुसे मिळेनाशी झाली आणि त्याने सिलिंडर व नळी बदलून ते .४५ कोल्टचे करून घेतले. आता ते यादीतल्या काडतुसासाठी 'जुळवून घेतलेले' आहे आणि पुरातन राहिलेले नाही. उलट दिशेने प्रवास करता येतो का? मुळात .४५ कोल्टसाठी 'रचलेल्या' त्याच वर्षीच्या रिव्हॉल्व्हरला .४१चे सिलिंडर आणि नळी बसवली, तरी ते रचले गेले होते ते .४५ कोल्टसाठीच, ही गोष्ट पुसली जात नाही. 'किंवा' हा शब्द दोन्ही भूतकाळांना पकडतो. शब्दशः वाचले तर कॅनडात बदल हा एकेरी रस्ता ठरतो: दर्जा घालवता येतो, मिळवता येत नाही. ज्यांना वाटते की जुना सांगाडा घ्यावा, त्यात 'निरुपद्रवी' काडतुसाचे सिलिंडर घालावे आणि परवान्याच्या कचाट्यातून सुटावे, त्यांनी हा 'किंवा' दोनदा वाचावा.

यातले परिणाम किरकोळ नाहीत. कलम ८४(३) प्रमाणे पुरातन बंदूक ही परवाना, नोंदणी आणि बेकायदा ताब्याशी संबंधित अनेक कलमांपुरती 'बंदूक' मानलीच जात नाही. हा दर्जा गेला की ती साधी हातबंदूक होते, आणि कॅनडात साध्या हातबंदुकीलाही दोन पायऱ्या आहेत. .२५ किंवा .३२ कॅलिबरच्या काडतुसासाठी रचलेली वा जुळवून घेतलेली हातबंदूक, किंवा १०५ मिलिमीटर अथवा त्याहून आखूड नळीची हातबंदूक ही थेट निषिद्ध वर्गात जाते. त्यात २१ ऑक्टोबर २०२२ पासून व्यक्तींमधली हातबंदुकांची खरेदी-विक्री आणि हस्तांतरण गोठवण्यात आले, आणि डिसेंबर २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सी-२१ या कायद्याने ते कॅनडाच्या फायरआर्म्स ॲक्टमध्येच पक्के झाले. अर्थात जे रिव्हॉल्व्हर पुरातन आहे ते हात बदलू शकते, आणि त्याच वर्षीचे, त्याच कारखान्यातले, पण भलत्या चेंबरचे रिव्हॉल्व्हर तिथेच अडकून पडते.

याचे सर्वांत गमतीशीर उदाहरण स्मिथ अँड वेसनच्या मॉडेल नंबर १ चे आहे. १८५७ मध्ये आलेले हे त्या कंपनीचे पहिले रिव्हॉल्व्हर, धातूचे काडतूस वापरणाऱ्या अमेरिकी रिव्हॉल्व्हरांची सुरुवात ज्याच्यापासून मोजतात ते. एखाद्या संग्रहालयाला विचारले तर याहून पुरातन काय असू शकते? पण ते .२२ शॉर्ट उडवते, आणि .२२ शॉर्ट वगळलेल्या तीन काडतुसांत आहे. म्हणून ते कॅनडात पुरातन नाही; शिवाय त्याची नळी ८१ मिलिमीटरच्या आसपास, म्हणून ते निषिद्ध वर्गातले. याच्याच जोडीला एक कॅलिबर-बदल येतो जो त्या काळच्या छोट्या पिस्तुलांच्या बाबतीत पुष्कळदा झालेला आहे: .३२ रिमफायरची काडतुसे दुकानांतून नाहीशी झाली, तेव्हा मालकांनी जुन्या नळीत .२२ची आतली नळी बसवून घेतली. ज्या माणसाने पन्नास वर्षांपूर्वी निव्वळ डब्यांवर नेम धरण्यासाठी हे करून घेतले, त्याने नकळत आपल्या नातवंडांसाठी एका पुरातन वस्तूची निषिद्ध वस्तू करून ठेवली असण्याची शक्यता आहे.

आता थोडे इतिहासात जायला हवे, कारण सगळेच बदल काही आजकालचे नाहीत. रोलिन व्हाइट याने १८५५ मध्ये सिलिंडर मागून आरपार कोरण्याचे पेटंट घेतले होते, आणि स्मिथ अँड वेसन त्याला प्रत्येक रिव्हॉल्व्हरमागे २५ सेंट देऊन ते वापरत होते. पेटंट १८६९ मध्ये संपेपर्यंत बाकीच्या अमेरिकी कारखानदारांना मागून काडतूस भरणारे रिव्हॉल्व्हर बनवणे जवळजवळ अशक्य होते. ते संपताच कोल्टकडे प्रश्न उभा राहिला की, पर्कशन रिव्हॉल्व्हरांचे हजारो सुटे भाग आणि तयार माल पडून आहे, त्याचे करायचे काय. चार्ल्स रिचर्ड्स आणि विल्यम मेसन यांनी १८७१ आणि १८७२ मध्ये पेटंट घेतलेल्या पद्धतींनी जुन्या सिलिंडरचा मागचा भाग कापून, तिथे नवी चकती बसवून, १८६० च्या आर्मी मॉडेलसारखी रिव्हॉल्व्हरे काडतुसांची करण्यात आली. ब्रिटनमध्ये त्याच सुमारास, १८६८ मध्ये, ब्यूमाँट-ॲडम्स रिव्हॉल्व्हर .४५० काडतुसासाठी बदलले गेले होते. ही सगळी रिव्हॉल्व्हरे मुळात ठासणीची आणि नंतर काडतुसाची, म्हणजे प्रत्येक अर्थाने कॅलिबर-बदलाची.

कॅनडाच्या दोन दरवाजांसमोर ही रिव्हॉल्व्हरे उभी केली की काय होते ते पाहण्यासारखे आहे. रिचर्ड्स पद्धतीने बदललेले १८६० चे आर्मी रिव्हॉल्व्हर पहिल्या दरवाजाने आत येऊ शकत नाही, कारण ते काडतुसासाठी पुन्हा रचले गेलेले आहे. पण त्याचे काडतूस .४४ कोल्ट, आणि ते अकराच्या यादीत नाही. म्हणून दुसऱ्या दरवाजाने ते पुरातन ठरते. त्याचाच भाऊ म्हणजे १८५१ चे नेव्ही मॉडेल. हे मूळचे .३६चे, त्याची नळी .३७५ इंचाच्या आसपासची, म्हणून त्याला बदलताना .३८ची काडतुसे दिली गेली, काहींना रिमफायर आणि काहींना सेंटरफायर. रिमफायर असेल तर ते रिव्हॉल्व्हर पुरातन, कारण रिमफायरमध्ये फक्त .२२ची तीन काडतुसे वगळलेली आहेत. सेंटरफायर असून ते .३८ शॉर्ट किंवा लाँग कोल्ट उडवत असेल, तर ते पुरातन नाही. एकाच कारखान्याने, एकाच दशकात, एकाच जातीच्या दोन रिव्हॉल्व्हरांवर केलेले एकच काम. फरक एवढाच की एकाचा घोडा काडतुसाच्या कडेवर आपटतो आणि दुसऱ्याचा मध्यावर. कायद्याने सीमारेषा कुठेतरी आखावीच लागते हे मला मान्य आहे, पण ही रेषा कशासाठी इथे आखली असे विचारले, तर सुरक्षिततेचे कोणतेही उत्तर मला सुचत नाही.

यादी बनवणाऱ्यांचा विचार बहुधा असा असावा की जी काडतुसे सहज विकत मिळतात ती उडवणाऱ्या जुन्या बंदुका धोक्याच्या. यादी बनली तेव्हा, १९९८ मध्ये, तो तर्क ठीक होता. पण यादी गोठली आणि बाजार पुढे गेला. .४४ रशियन हे काडतूस जुन्या पद्धतीच्या नेमबाजीची हौस वाढल्यावर पुन्हा कारखान्यांतून बाहेर पडू लागले. यादीत मात्र ते नाही. त्याहून मोठा विरोधाभास वेब्लीचा. ब्रिटिश लष्कराने १८८७ मध्ये स्वीकारलेले वेब्ली मार्क १ हे .४५५चे रिव्हॉल्व्हर, त्या घराण्यातली अनेक रिव्हॉल्व्हरे पुढे अमेरिकेत सिलिंडरचा मागचा भाग तासून.४५ ऑटो काडतुसासाठी करण्यात आली, कारण ते काडतूस तिथे सगळीकडे मिळत असे. कॅनडाच्या यादीत .४५ कोल्ट आहे, .४५ ऑटो नाही. म्हणजे १८९८ पूर्वीचे असे तासलेले रिव्हॉल्व्हर, नियमाचे शब्द तसेच वाचले तर, पुरातनच राहते. हे इथे नोंदवताना मी एक गोष्ट आवर्जून सांगेन: .४५ ऑटोचा दाब .४५५च्या मूळ दाबाच्या कितीतरी वर जातो, आणि असे रिव्हॉल्व्हर चालवणे म्हणजे आपला हात पणाला लावणे आहे. कायदा ज्याला परवानगी देतो त्याला धातूही परवानगी देईलच असे नसते.

अमेरिकेचा संघीय कायदा याच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहे. १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टनुसार १८९८ मध्ये किंवा त्यापूर्वी बनलेली कोणतीही बंदूक पुरातन. कॅलिबरचा प्रश्नच येत नाही. वर सांगितलेले .४१चे .४५ झालेले कोल्ट तिथे पुरातनच राहते, तासलेले वेब्लीही राहते, आणि मॉडेल नंबर १ ही राहते. एका वर्षाचा फरकही लक्षात घ्यावा: कॅनडा '१८९८ पूर्वी' म्हणतो, अमेरिका '१८९८ मध्ये किंवा त्यापूर्वी'. १८९८ साली बनलेली बंदूक एका सीमेच्या अलीकडे पुरातन असते आणि पलीकडे नसते.

पण अमेरिकेतही चेंबरचा प्रश्न दोन जागी परत येतोच. पहिली जागा म्हणजे नकला. आज नव्याने बनणारी पर्कशन रिव्हॉल्व्हरे रिमफायर किंवा नेहमीच्या सेंटरफायर काडतुसांसाठी रचलेली नाहीत तोवरच पुरातन समजली जातात. १८५८ च्या रेमिंग्टनची नक्कल घेऊन तिच्यात बाजारात मिळणारे.४५ कोल्टचे बदली सिलिंडर बसवले, की ती त्या व्याख्येतून बाहेर पडते, जरी तेच सिलिंडर अस्सल जुन्या रेमिंग्टनमध्ये बसवल्याने काहीच बिघडत नसले तरी. दुसरी जागा म्हणजे नॅशनल फायरआर्म्स ॲक्ट, जो खांद्याला टेकवायच्या दस्त्याची पिस्तुले आणि तत्सम शस्त्रे यांना लागू होतो. त्यात पुरातनाची व्याख्या वेगळी आहे: काडतूस वापरणारी जुनी बंदूक असेल, तर तिचे काडतूस अमेरिकेत आता बनत नसावे आणि नेहमीच्या व्यापारात सहज मिळत नसावे. ही तरतूद मला हुशारीची वाटते, कारण ती यादी देत नाही, निकष देते. पण त्याच कारणाने ती अस्थिरही आहे, कारण एखाद्या कारखानदाराने उद्या एखादे मेलेले काडतूस पुन्हा सुरू केले, तर कोणाच्या तरी कपाटातल्या वस्तूचा दर्जा त्याने बोटही न लावता बदलतो. राज्यांचे कायदे आणखी निराळे, त्यात मी इथे शिरत नाही.

ब्रिटनने तिसरा मार्ग धरला, आणि कॅलिबर-बदलाचा विचार करून कायदा लिहिलेला मला फक्त तिथेच दिसला. १९६८ च्या फायरआर्म्स ॲक्टच्या कलम ५८(२) नुसार पुरातन बंदूक कुतूहलाची किंवा शोभेची वस्तू म्हणून ठेवली असेल तर तिला सूट आहे. पण 'पुरातन' म्हणजे काय हे अनेक दशके कायद्यात लिहिलेलेच नव्हते, सारे मार्गदर्शक सूचनांवर चालले होते. २०१७ च्या कायद्याने व्याख्या घातली आणि २२ मार्च २०२१ पासून नियमावली लागू झाली. १ सप्टेंबर १९३९ पूर्वी बनलेली बंदूक, जिचे काडतूस सरकारी यादीतल्या कालबाह्य काडतुसांपैकी आहे, ती पुरातन. पण त्याला एक अट जोडलेली आहे. तिचे प्रत्येक चेंबर हे ती बनली तेव्हाचेच असले पाहिजे, किंवा त्याच्या जागी बसवलेले असेल तर सर्व महत्त्वाच्या बाबतींत त्याच्यासारखेच असले पाहिजे. या एका वाक्याने दोन्ही दिशांचे दरवाजे बंद होतात. कालबाह्य काडतुसाचे रिव्हॉल्व्हर चालू काडतुसासाठी कोरले, तर दर्जा गेला. चालू काडतुसाच्या रिव्हॉल्व्हरला कालबाह्य चेंबर बसवले, तरी दर्जा येत नाही, कारण ते चेंबर मूळचे नाही.

या नियमावलीने जुन्या सूचनांतली सात काडतुसे यादीतून काढून टाकली, कारण त्या काडतुसांची रिव्हॉल्व्हरे घरी बनवलेल्या दारूगोळ्यासह गुन्हेगारांच्या हाती सापडत होती. त्यांत .३२० ब्रिटिश, .४१ कोल्ट, .४४ रशियन, .४४२ रिव्हॉल्व्हर, डच ९.४ मिलिमीटर, जर्मन १०.६ मिलिमीटर आणि १८७३ च्या फ्रेंच लष्करी रिव्हॉल्व्हरचे ११ मिलिमीटर यांचा समावेश होता. मालकांना परवाना मिळवण्यासाठी, बंदूक विकण्यासाठी किंवा जमा करण्यासाठी सहा महिने देण्यात आले. ज्याने चेंबरला हातही लावला नव्हता त्याचाही दर्जा त्या दिवशी बदलला. आणि ब्रिटनमध्ये दर्जा गमावलेली हातबंदूक म्हणजे निषिद्ध शस्त्र, ज्याच्या ताब्यासाठी प्रौढ व्यक्तीला, अपवादात्मक परिस्थिती सोडल्यास, किमान ५ वर्षांच्या कैदेची तरतूद आहे. .४१ कोल्ट आणि .४४ रशियन ही दोन्ही नावे वर कॅनडाच्या संदर्भात निर्धोक म्हणून आलेली आहेत, हे वाचकाच्या लक्षात आलेच असेल. जुनी बंदूक घेऊन देश ओलांडणाऱ्याने हे आधी वाचलेले बरे.

भारतीय कायद्याचा निकष या तिन्हींपेक्षा कडक आणि त्यामुळे साधा आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ४५ मध्ये जुन्या धाटणीच्या किंवा पुरातन मूल्य असलेल्या शस्त्राला सूट आहे, पण ते दुरुस्तीसह वा दुरुस्तीविना बंदूक म्हणून वापरण्याजोगे नसेल तरच. तिथे वर्ष नाही, यादी नाही, काडतुसाचे नाव नाही. चालू काडतुसासाठी बदललेल्या, म्हणजे चालवता येणाऱ्या रिव्हॉल्व्हरला ही सूट मिळण्याची शक्यता उरत नाही, मग ते कितीही जुने असो.

आता प्रत्यक्षातली अडचण. बदल झाला आहे की नाही हे कळायचे कसे? नळीवरचे कॅलिबरचे शिक्के हा पहिला पुरावा, पण नळी बदलली असेल तर शिक्काही बदललेला असतो. जुन्या कोल्ट आणि स्मिथ अँड वेसनवर अनुक्रमांक एकाहून अधिक भागांवर ठोकलेले असतात. सांगाडा आणि सिलिंडर यांचे अंक जुळत नसतील, तर कुठेतरी काहीतरी बदलले गेले आहे एवढे नक्की कळते. या दोन्ही कंपन्यांच्या जुन्या नोंदवह्यांवरून पत्र मिळते, ज्यात बंदूक कोणत्या कॅलिबरमध्ये आणि केव्हा कारखान्यातून बाहेर पडली ते लिहिलेले असते. 'रचलेली' या शब्दाचा प्रश्न त्या पत्राने सुटतो. 'जुळवून घेतलेली' या शब्दाचा प्रश्न मात्र चेंबर मोजूनच सुटतो, आणि त्यासाठी जाणकार बंदूक कारागीर कमी उष्णतेवर वितळणारा मिश्रधातू चेंबरमध्ये ओतून त्याचा साचा काढतो व काडतुसाच्या प्रमाणित मापांशी ताडून पाहतो. चेंबर वर्षानुवर्षे झिजून किंवा कोणी हौसेने पॉलिश करून रुंदावलेले असेल, तर हा साचा दोन काडतुसांच्या मापांच्या मध्येच कुठेतरी येतो, आणि मग वाद सुरू होतो.

बेल्जियमच्या लिएज शहरात बनलेल्या सुरुवातीच्या १८९५ च्या नागां रिव्हॉल्व्हरचे उदाहरण त्यासाठी चांगले आहे. त्याचे मूळ ७.६२ मिलिमीटरचे काडतूस कॅनडाच्या यादीत नाही, म्हणून १८९८ पूर्वीचे रिव्हॉल्व्हर पुरातन ठरते. पण ते काडतूस मिळणे कठीण झाले, तेव्हा त्यासाठी .३२ स्मिथ अँड वेसन लाँगची जादा सिलिंडरे बाजारात आली. असे सिलिंडर बसवले, की रिव्हॉल्व्हर यादीतल्या काडतुसासाठी जुळवले गेले आणि वर .३२ कॅलिबरमुळे निषिद्ध वर्गातही गेले. ते सिलिंडर काढून पुन्हा मूळचे बसवले तर काय, हा प्रश्न मला अनेक दिवस छळत होता. रिव्हॉल्व्हरच्या सांगाड्याला कोणतीही इजा झालेली नाही, एक दांडी ओढली की सिलिंडर बाहेर येते, आणि वस्तू पूर्वीसारखी होते. पण ज्याच्या घरी झडतीत मूळ रिव्हॉल्व्हर आणि त्याच्या शेजारच्या खणात ते .३२चे सिलिंडर सापडेल, त्याला 'हे जुळवून घेतलेले नाही' असे न्यायालयात सांगावे लागेल, आणि ते सांगताना त्याच्या हातात बंदुकीच्या वयाचा कोणताही कागद उपयोगाचा असणार नाही.